ना-नफा संस्था : आमचे पहिले धडे

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्ही ना-नफा संस्थांचा विषय प्रथमच शिकत आहोत. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. ना-नफा म्हणजे शिल्लक उरूच नये असे नव्हे. उरलेली रक्कम सभासदांत न वाटता कार्यासाठीच खर्चावी, हा त्याचा अर्थ.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह काढले. अशा कार्यात एक रुपया वाया जाणे म्हणजे एका मुलाच्या ताटातला घास कमी होणे. म्हणूनच वार्षिक सभेत जमाखर्च व लेखापरीक्षणाचा अहवाल समजून घेणे हे प्रत्येक सभासदाचे कर्तव्य आहे, असे आम्हांस वाटते. बंधू-भगिनींनो, हिशेब विचारणे हा अविश्वास नव्हे; तीही समाजसेवाच होय.