धूमपान समान, व्याधी असमान : चिरकारी श्वासरोगातील रेणुस्तरीय कारणे

एकाच घरातील दोन भाऊ चिकित्सेसाठी माझ्याकडे येत. दोघेही वीस वर्षांहून अधिक काळ विड्या ओढणारे. धाकट्यास चाळिशीतच जिना चढवेना, थोरला मात्र "मला कुठे काय झाले?" असे विचारून विडी पेटवी. त्याच्या या प्रश्नास माझ्यापाशी तेव्हा धड उत्तर नव्हते.

हा प्रश्न आपणांस नवा नाही. अहितसेवन करणारे सर्वच जण रोगी का होत नाहीत, ही अग्निवेशाची शंका चरकसंहितेच्या सूत्रस्थानात २८व्या अध्यायात आली असून तिच्या उत्तरातच व्याधिक्षमत्वाचा विचार येतो. धूमपानाबाबत फ्लेचर व पेटो यांनी लंडनमधील पुरुष कामगारांचा आठ वर्षे अभ्यास करून १९७७ मध्ये हेच दाखविले : काही धूम्रपींची श्वसनक्षमता झपाट्याने घटते, इतरांची तितकी नाही.

रेणुस्तरावरील पहिला धागा १९६३ मध्ये स्वीडनमध्ये हाती आला. लॉरेल व एरिक्सन यांना पाच व्यक्तींच्या रक्तरसाच्या तपासणीत अल्फा-१ प्रथिनांचा पट्टा जवळजवळ दिसेचना; त्यांपैकी तिघांना वायुकोशांचा नाश करणारा एम्फिसिमा होता. हरवलेले प्रथिन म्हणजे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. फुप्फुसात जमणाऱ्या न्यूट्रोफिल या श्वेतकणिकांतून इलॅस्टेज हे विकर स्रवते व वायुकोशांच्या भिंतींतील लवचीक तंतू पचविते. त्यास आवर घालण्याचे काम या प्रथिनाचे. 'झेड' या जनुकीय दोषात प्रथिनसाखळीतील ३४२व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन येते. त्यामुळे प्रथिनाचे रेणू एकमेकांत गुंतून यकृतातच अडकतात आणि फुप्फुसाचे रक्षण उणे पडते.

धुराचा घाव येथे दुहेरी असतो. एकीकडे तो श्वेतकणिकांना फुप्फुसात खेचून इलॅस्टेज वाढवितो. दुसरीकडे या रक्षक प्रथिनातील ३५८व्या स्थानच्या मेथिओनिनचे ऑक्सिडीकरण करून त्यास निकामी करतो. म्हणजे जन्मतः प्रथिन पुरेसे असलेला मनुष्यही सुरक्षित नाही.

झेड दोष भारतीयांत विरळा आहे. बहुतेक रुग्णांत अनेक जनुकांचा अल्प-अल्प वाटा असतो. त्यांपैकी पंधराव्या गुणसूत्रावरील निकोटिन-ग्राहकांचा जनुकसमूह लक्षणीय होय, कारण मनुष्य किती धूमपान करतो यावरही त्याचा प्रभाव पडतो; मग दोष जनुकाचा की सवयीचा, हे वेगळे करणे सोपे नाही. बालपणी फुप्फुसाची वाढ अपुरी राहिली असल्यास सामान्य गतीची झीजही पुढे रोगास पुरते. चुलीचा धूर तर विडी न ओढणाऱ्या स्त्रियांनाही सोडत नाही.

अल्फा-१ अँटिट्रिप्सिन म्हणजेच ओज, असे समीकरण मांडण्याचा मोह वैद्यबंधूंनी टाळावा. प्रश्न समान असला तरी उत्तरांच्या पातळ्या भिन्न आहेत. तरुण वयात एम्फिसिमा वा कुटुंबात यकृतविकार आढळल्यास रक्तातील या प्रथिनाची मोजणी अवश्य करवावी. धाकट्यास मी दोन वर्षे केवळ तमकश्वास समजून औषध देत राहिलो. स्पायरोमेट्रीस पाठविण्यास विलंब झाला, ही चूक माझी.

पुढे थोरल्यासही आग्रहाने फुंकर मारावयास लावली. श्वासनलिका विस्फारणारे औषध देऊनही पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचे एकूण हवेशी गुणोत्तर ०.७० हून कमी भरले. दम लागत नाही असे तो म्हणे खरा. परंतु शेताकडचा चढ त्याने केव्हाच सोडून दिला होता.