सुवर्णनाण्यांतील भेद आणि बयानाचा ठेवा

जुन्या सुवर्णनाण्याचे मोल केवळ त्यातील सोन्यावर ठरत नाही. एखादे वेगळे अक्षर, राजाच्या हातातील निराळे शस्त्र, असे टांकसाळीतील लहानसे भेदही इतिहासाच्या अभ्यासात मोलाचे ठरतात. राजस्थानातील बयाना येथील ठेवा हे त्याचे ठळक उदाहरण होय.

१९४६ मध्ये तत्कालीन भरतपूर संस्थानात बयानाजवळ एका शेतात गुप्तकालीन सुवर्णनाण्यांनी भरलेले तांब्याचे भांडे सापडले. नाणी गावात वाटली गेली आणि काही वितळविलीही गेली. संस्थानाने हालचाल केल्यावर १,८२१ नाणी हाती आली. त्यांत दुसऱ्या चंद्रगुप्ताची ९८३, कुमारगुप्ताची ६२८ व समुद्रगुप्ताची १८३ होती. मूळचे कोल्हापूरकडील विद्वान डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनी त्यांचा अभ्यास करून १९५४ मध्ये सविस्तर सूची प्रसिद्ध केली.

भेद कसे उत्पन्न होतात?

त्या काळी सोन्याची चकती दोन ठशांमध्ये ठेवून वर घणाचा घाव घालीत. चकती ठशाहून लहान असली किंवा किंचित सरकली, तर कडेचा लेख अर्धवट उमटे. ठसा झिजला की नवा हाताने कोरावा लागे. साहजिकच अक्षरे व आकृती यांत फरक पडे. गुप्तांच्या नाण्यांवरील कडेचे लेख बहुधा छंदोबद्ध असून एकाच नाण्यावर ते क्वचितच पूर्ण आढळतात. मात्र एकाच प्रकारची अनेक नाणी शेजारी ठेवली, म्हणजे एकावर तुटलेली अक्षरे दुसऱ्यावर सापडतात. ‘चक्रविक्रम’ या प्रकाराचे तर या ठेव्यात एकच नाणे मिळाले. ते मुशीत गेले असते, तर हा प्रकार तेथे अज्ञातच राहिला असता. वितळलेल्या नाण्यांवर काय होते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

गावाची जबाबदारी

नांगरताना वा पाया खणताना असा ठेवा कोठेही निघू शकतो. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. ते न करणे हा गुन्हा होय. निधी बेवारस ठरल्यास, वेगळा करार नसेल तर, तीन चतुर्थांश भाग शोधणाऱ्यास व एक चतुर्थांश जागेच्या मालकास मिळतो. शासनाने तो संपादन केल्यास धातूच्या मूल्यासह त्याचा एक पंचमांश अधिक दिला जातो. म्हणजेच प्रामाणिक माणसाच्या हक्काचा विचार कायद्याने केलेला आहे.

ग्रामपंचायत सदस्यांनी ही माहिती ग्रामसभेत द्यावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सांगावे, की सापडलेले नाणे घासू नये, भांड्यातील नाणी वेगळी करू नयेत आणि जागेची नोंद ठेवावी. छंद म्हणून नाणी जमविणाऱ्यांनीही प्रत्येक नाण्याचे वजन व प्राप्तिस्थान लिहून ठेवणे अगत्याचे आहे. सोने पुन्हा मिळेल. वितळलेले अक्षर पुन्हा मिळणार नाही.