गिऱ्हाईक विचारतं, "समोरचा कसा आहे?" तेव्हा काय बोलाल?



आजचा विषय भांडवल नाही, मार्केटिंगही नाही. आजचा विषय आहे आपली जीभ.

समजा, तुमचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. चिवडा घेता घेता गिऱ्हाईक विचारतं, "ताई, पलीकडच्या गल्लीतल्या काकूंची चकली कशी असते हो?" उत्तर जिभेवर तयारच असतं: "त्या तेच तेच तेल वापरतात म्हणे!" बोलायला दोन सेकंद लागले. पण एका 'म्हणे'वर तुम्ही एका बाईची रोजीरोटी पणाला लावलीत. आणि गिऱ्हाईक मनात म्हणतं, 'माझ्या पाठीमागे ही माझ्याबद्दल काय बोलत असेल?'

याकडे आज ख्रिस्ती शिकवणीच्या नजरेतून बघूया. तुम्ही कोणत्याही धर्माचे असा, हे रोजच्या धंद्यात उपयोगी पडतं.

१. स्पर्धक आधी माणूस आहे

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा 3रा अध्याय मुख्यतः जिभेवरच आहे. त्यात घोड्याचा लगाम, जहाजाचं सुकाणू आणि रान पेटवणारी ठिणगी असे दाखले आहेत. तिन्ही गोष्टी लहान, पण परिणाम मोठा. पुढे खरा मुद्दा येतो: प्रत्येक माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे, मग देवाचं गुणगान करणाऱ्या तोंडात त्याच माणसासाठी शिव्याशाप शोभत नाहीत.

म्हणून चांगलं बोलणं ही गिऱ्हाईक पटवायची युक्ती नाही. तसं केलं तर तो नुसता मस्का होईल. समोरच्याला मान आहे, म्हणून बोलण्यात मान हवा.

२. बोलण्याआधी तीन प्रश्न

इफिसकरांस पत्रात (4:29) पौल सांगतो, की बोलणं ऐकणाऱ्याच्या भल्याचं आणि उभारणी करणारं असावं. आपण त्याचे तीन प्रश्न करूया:

- मला हे नक्की माहीत आहे का, की फक्त ऐकलंय?
- ऐकणाऱ्याला याचा खरंच उपयोग आहे का?
- ती व्यक्ती इथे उभी असती, तर मी हेच बोललो असतो का?

एकाचंही उत्तर 'नाही' आलं, तर विषय बदला. चकलीच्या प्रश्नाला असं सांगा: "त्यांचं त्यांना माहीत. आमची भाजणी आम्ही घरी करतो. ही घ्या, एक खाऊन बघा."

३. तक्रार आहे? मग योग्य माणसाकडे जा

इथे बरेच जण विचारतील, "सर, मग चुकीचं दिसलं तरी गप्प बसायचं?" अजिबात नाही. मत्तयाच्या 18व्या अध्यायात येशूने क्रम सांगितलाय. आधी त्या व्यक्तीशी एकांतात बोला. ऐकलं नाही तर एक-दोन जणांना सोबत न्या. तरीही नाही, तर मंडळीसमोर मांडा. धंद्यात हेच असं लावा:

- पॅकिंगवाल्याने माल उशिरा दिला? त्यालाच फोन करा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका.
- फरक पडला नाही? दोघांच्या ओळखीचा एखादा जाणता माणूस मध्ये घ्या.
- तरीही नाही? लेखी कळवा, हिशोब मिटवा, दुसरा पुरवठादार बघा.

आणि भेसळीसारखी गोष्ट असेल, लोकांच्या जिवाशी खेळ असेल, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. ती निंदा नव्हे, ती जबाबदारी आहे. निंदा म्हणजे जिथे काही सुधारणार नाही, तिथे बोलत बसणं.

४. आधी आपलं मुसळ

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ, ही म्हण आपण सगळेच वापरतो. येशूचा डोंगरावरच्या प्रवचनातला दाखलाही हाच आहे. त्यात एक बारकावा आहे: कुसळ काढूच नका, असं तो म्हणत नाही. आधी आपलं काढा, म्हणजे दुसऱ्याचं काढताना नीट दिसेल. शेजाऱ्याच्या उशिरा डिलिव्हरीवर बोलण्याआधी आपल्या ऑर्डरची वही उघडा.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्याच धंद्यातल्या एका माणसाचं खरं असलेलं एक चांगलं काम शोधा आणि ते गिऱ्हाईकासमोर बोला. "केक हवाय? मी करत नाही, पण त्या ताई वेळेवर देतात." सोपं वाटतं, पण स्पर्धकाचं नाव घेताना जीभ अडखळते. सात दिवस करून बघा, मग पुढच्या धड्यात भेटूच!