जठराची खिडकी

अन्न पोटांत कुजतें, दळलें जातें कीं विरघळतें, याविषयीं विद्वानांत पूर्वीं मोठा वाद असे. १८२२ सालीं अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन नामक मजुरास बंदुकीचा बार लागला. तो वांचला, परंतु जठराचें भोंक कायमचें राहिलें. डॉक्टर विल्यम बोमाँट यांनीं १८२५ पासून रेशमी दोऱ्यास मांस, पाव, कोबी बांधून त्या भोंकांतून आंत सोडले व ठराविक वेळानें बाहेर काढून तपासले. जठररस बाटलींत काढून घेतला, तरी त्यांतहि मांस विरघळलें! राग आला म्हणजे पचन बिघडतें, हेंहि त्यांस दिसलें. हा वृत्तांत १८३३ सालीं प्रसिद्ध झाला. डॉक्टरांची कीर्ति झाली. मजुराचे हाल मात्र आम्हांस विसरवत नाहींत. एकदां तर तो न सांगतांच कॅनडांत निघून गेला होता. डॉक्टरांच्या मागें २७ वर्षें जगून तो १८८० सालीं वारला.