लातूरची फी भरण्याआधी प्रकल्पाची वही उघडा

दहावीचा निकाल लागला की जामखेड, आष्टी, कर्जत, भूम या पट्ट्यातून येणारे फोन एकाच साच्यातले असतात. “सर, पोरीला ब्याऐंशी टक्के पडलेत. लातूरला टाकू का?” पोरगी काय म्हणते, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “तिला काय कळतंय? आम्ही सांगू ते करील.” म्हणून यंदा सगळ्या शाखांचा तक्ता मांडत बसत नाही. एकाच गोष्टीवर भांडणार आहे.

तक्ता हवाच असेल तर थोडक्यात घ्या. हाताला काम आवडत असेल तर आयटीआय किंवा तीन वर्षांची पदविका. हिशेबात डोकं चालत असेल तर वाणिज्य. शेतीत पुढं जायचं असेल तर बारावी विज्ञान, सीईटी आणि राहुरीचं कृषी विद्यापीठ. 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, त्यामुळे कॉलेजांची यादी आता मोबाइलवरच दिसते. एवढ्यासाठी कुणा समुपदेशकाकडे जायची गरज नाही.

आता भांडण. 2025 मध्ये देशभरात सुमारे 22 लाख मुलं वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ला बसली. एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी. लातूरच्या नीट क्लासेसवर माझा राग नाही. तिथं मेहनतीनं शिकवणारे शिक्षक आहेत आणि ज्याला खरंच डॉक्टर व्हायचंय त्यानं जरूर जावं. पण बहुतेक फोनांमागचं कारण ‘शेजारच्याचा गेला’ एवढंच असतं. मग दोन वर्षं खोली, मेस, टेस्ट सिरीज. हजेरी एका कॉलेजात, अभ्यास दुसऱ्याच क्लासमध्ये. तीन तासांत 180 प्रश्न सोडवायची सवय लागते. स्वतःला एखादा प्रश्न पडायची सवय मात्र मोडते. शेवटी नंबर नाही लागला तर “एक रिपीट मारू.” एकोणिसाव्या वर्षी ते पोरगं घरी येतं तेव्हा आपल्याला काय आवडतं, हेच त्याला सांगता येत नाही.

म्हणून पालक आले की मी गुणपत्रिका बाजूला ठेवायला सांगतो आणि मुलाच्या नववी-दहावीच्या प्रकल्पाच्या वह्या मागतो. चेहरे पडतात. कारण त्या वह्यांचं काय झालेलं असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. ‘जलसुरक्षा’ आणि ‘स्वविकास व कलारसास्वाद’ हे आपल्या बोर्डाचे श्रेणी विषय. श्रेणी म्हणजे टक्क्यात धरत नाहीत, म्हणजे बिनकामाचे, असा आपला हिशेब. मग झेरॉक्सच्या दुकानातून छापील चित्रं आणायची, थर्माकोल वडिलांनी कापायचा, मजकूर ताईनं उतरवायचा. श्रेणी ‘अ’ मिळते. मुलाला मात्र त्यातलं एक वाक्य विचारलं तर सांगता येत नाही.

जामखेडसारख्या दुष्काळी तालुक्यात ‘जलसुरक्षा’चा प्रकल्प दुकानातून विकत आणावा, याची मला चीड येते. समजा, खर्ड्याकडच्या एखाद्या वाडीतल्या मुलीनं तो खरोखर केला. दिवाळीपासून होळीपर्यंत दर पंधरा दिवसांनी दोरीला दगड बांधून चार विहिरींचं पाणी मोजलं. आधी लोक हसले. एका विहिरीच्या मालकानं हाकललं, मग चुलत्याला मध्ये घालून परवानगी मिळवली. एक नोंद चुकली, म्हणून ती पुन्हा जाऊन घेतली. आलेख काढला तेव्हा दिसलं की नव्या बोअरजवळची विहीर बाकीच्यांपेक्षा महिनाभर आधी आटते. वहीच्या शेवटी तिनं लिहिलं की आधी परक्या माणसाशी बोलताना घसा कोरडा पडायचा, आता पडत नाही; आणि एकटीनं काम ओढण्यापेक्षा मैत्रिणीला सोबत घेतलं असतं तर बरं झालं असतं.

हे शेवटचं पान म्हणजे करिअर मार्गदर्शनाची खरी सुरुवात. पाणी कुठं मुरतं, खडक कसा आहे, यात ती रमली असेल तर भूशास्त्र. आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 पासून काम करते, आणि तिथं भूशास्त्राची माणसं लागतात. आकड्यांत रमली असेल तर संख्याशास्त्र. लोकांशी बोलण्यात रमली असेल तर समाजकार्य किंवा सार्वजनिक आरोग्य. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं केंद्र आपल्या शेजारी तुळजापुरात आहे, हे कितीजणांना माहीत आहे? आणि बंद पडलेली मोटर उघडून बघण्यातच तिचा जीव अडकला असेल, तर तेही लाजण्यासारखं नाही.

“पण सर, आपल्या जामखेडचं नाव डॉक्टरांमुळेच झालं ना?” असं कुणीतरी म्हणतंच. झालं, पण कसं ते बघा. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य 1970 साली इथं आलं. वेल्लोरची वैद्यकीय पदवी आणि जॉन्स हॉपकिन्समधलं सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण गाठीला होतं. तरी त्यांनी आधी गावकऱ्यांना विचारलं, आणि लोकांनी दवाखान्याआधी अन्न आणि पाणी मागितलं. मग हातपंप घेतले, तेही दलित वस्तीत, म्हणजे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथं यावं लागेल. आणि गावोगावी आरोग्याचं काम सोपवलं ते गावातल्याच बायकांवर. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. 1971 च्या सुमाराला इथं हजारी 176 बालकं वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या वीस-बावीस वर्षांत तो आकडा विशीच्या आसपास आला. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पदवी लागलीच, पण काम उभं राहिलं ते विचारणं, मोजणं आणि माणसं जोडणं यांवर. आणि ते शिकायची पहिली जागा तुम्ही थर्माकोलखाली गाडता.

आता माझा लाडका पर्याय. पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून 1983 साली तो सुरू केला. शाळेत न रमणारी पोरं ‘ढ’ नसतात, त्यांना हातानं करत शिकायचं असतं, हा त्यांचा आग्रह. तिथला ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम म्हणजे शेती-पशुपालन, वेल्डिंग-बांधकाम, वीज-ऊर्जा आणि गृह-आरोग्य या चारही विभागांत प्रत्यक्ष काम. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीनं वस्तू घडवायची कार्यशाळा, 2002 साली या खेड्यात आली. याच पद्धतीवरचा ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय राज्यातल्या कित्येक शाळांत शिकवला जातो. ज्या मुलाच्या वहीत मजकूर कमी आणि आकृत्या जास्त, ज्यानं घरातला पंखा दोनदा उघडलाय, त्याला जबरदस्तीनं जीवशास्त्राचा बी ग्रुप देण्याआधी एकदा पाबळला नेऊन आणा. बसभाडं नीटच्या एका टेस्ट सिरीजपेक्षा कमी आहे.

पालकांना स्पष्टच सांगतो. मुलाला डॉक्टर करायचंय ही इच्छा तुमची असेल तर ती तुमची आहे, एवढं तरी कबूल करा. ‘त्याच्या भल्यासाठी’ म्हणून ती त्याच्या डोक्यावर ठेवू नका. सोसायटीचं कर्ज काढून फी भरलीत आणि ते रोज बोलून दाखवलंत, तर पोरगं अभ्यास करत नाही, परतफेड करतं.

आणि विद्यार्थ्यांनो, तुम्हीही सुटत नाही. प्रवेश अर्ज भरण्याआधी एक संध्याकाळ काढा आणि स्वतः केलेल्या एखाद्या प्रकल्पाबद्दल कागदावर लिहा. कोणता भाग सांगितल्याशिवाय केला? कुठं अडलं आणि तेव्हा कुणाकडं गेलात? पुन्हा करायचा झाला तर काय बदलाल? एकही प्रकल्प स्वतः केलेला आठवत नसेल तर तसंच लिहा, आणि ही सुट्टी एका तरी खऱ्या प्रश्नामागे घालवा. गावातल्या एका विहिरीचं पाणी मोजलंत तरी चालेल. तो कागद आई-वडिलांसमोर ठेवा आणि मगच पसंतीक्रम भरायला बसा. तो भरताना मोबाइल तुमच्या हातात असला पाहिजे, वडिलांच्या नाही.