मातीची गढी : नाशिकचा न बांधलेला किल्ला

१०६६ साली नॉर्मन सरदार इंग्लंडात उतरले, तेव्हा त्यांनी हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे मातीची टेकाडे रचणे. खंदक खणावयाचा, त्याच मातीचा उंचवटा करावयाचा, माथ्यावर लाकडी बुरूज उभारावयाचा आणि पायथ्याशी कुंपणाचे आवार ठेवावयाचे. टेकाड म्हणजे मॉट, आवार म्हणजे बेली. हे वाचताना नाशिककराला जुन्या नाशकातली, गोदावरीच्या उजव्या तीरावरची मातीची गढी आठवल्यावाचून राहत नाही. तिलाच काझीची गढी असेही म्हणतात.

परंतु साम्य दिसण्यापुरतेच. मॉट सरदाराच्या हुकमाने थोडक्या काळात रचला जाई. आपली गढी कोणी मुद्दाम रचलेली नाही! नदीच्या गाळावर माणसे राहिली, घरे पडली, त्यांच्या मातीवर पुन्हा घरे उठली. शेताच्या जमिनीस आपण काळी म्हणतो आणि वस्तीच्या जागेस पांढरी. ही गढी म्हणजे शतकानुशतके साचलेली पांढरीच होय. मागाहून तिच्या उंचीचा उपयोग सत्ताधाऱ्यांनी केला, एवढेच.

१९५०-५१ साली डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी येथे उत्खनन केले. तळाशी गारगोटीची बारीक हत्यारे व जोर्व्याच्या जातीची रंगीत खापरे निघाली. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती. वरच्या थरात उत्तर भारतातून आलेली चकचकीत काळी भांडी, त्यावर सातवाहनकाळ, आणि सर्वांत वर मुसलमानी व मराठी अंमल. पांडवलेण्यांतील शिलालेखात नाशिकच्या लोकांनी दिलेल्या गावाचा उल्लेख आहे. दान देणारे ते नाशिककर कोणत्या भांड्यांत शिजवीत होते, हे मात्र लेणे सांगत नाही. ते गढीचीच माती सांगते.

नॉर्मनांची कित्येक टेकाडे आज हिरवळीखाली सुखरूप आहेत. आपल्या गढीवर मात्र संसार थाटलेले आहेत आणि पावसाळ्यात नदीकडील कडा ढासळतो. घराची भिंत आणि दोन हजार वर्षांपूर्वीचे खापर एकाच ढिगाऱ्यात येते. येथे संरक्षक भिंत हवी, ही मागणी जुनी व न्याय्य आहे; माणसांची सोय आधीच व्हावयास हवी. पण भिंत बांधल्यावर हे थर कायमचे झाकले जातील. तत्पूर्वी उघड्या कड्याचे मोजमाप, छायाचित्रे आणि थरांची नोंद व्हावी. हे काम आपल्या इतिहास विभागाने दिवाळीच्या सुटीत, नदीचे पाणी ओसरताच हाती घ्यावे, अशी माझी सूचना आहे.