पुरावा जपला, तरच बोलतो

माझी सगळी नोकरी सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत गेली. आधी विषशास्त्र विभागात, नंतर रक्त आणि डीएनएच्या कामात. पोलीस ठाण्यांच्या भाषेत आमच्या अहवालाला ‘सी. ए. रिपोर्ट’ म्हणतात आणि तो कधी येणार, हा आमच्या टेबलावरचा रोजचा फोन. निवृत्तीनंतर मी पोलिसांच्या वर्गांवर शिकवते. प्रत्येक नव्या तुकडीला माझं सांगणं एकच असतं : घटनास्थळावर जे गेलं, ते कितीही महागडं यंत्र आणलं तरी परत मिळत नाही. हे सांगणं ज्या अनुभवांतून आलं, ते इथे मांडते.

१. आधी थांबा.
खून झाल्याची बातमी फुटली की वाडीत काय किंवा सोसायटीत काय, गर्दी जमायला वेळ लागत नाही. कुणी प्रेतावर चादर टाकतं, कुणी सांडलेलं आवरायला घेतं. हेतू चांगलाच असतो. पण फ्रान्समधल्या लिऑन शहरात १९१० मध्ये पोलिसांची प्रयोगशाळा उभारणाऱ्या एडमंड लोकार्ड यांच्या नावाने ओळखलं जाणारं तत्त्व सांगतं, की दोन गोष्टींचा स्पर्श झाला की दोन्हींवर एकमेकींचं काहीतरी राहतं. हा नियम गुन्हेगाराला लागू आहे, तसाच बघ्यांनाही. नोएडातल्या आरुषी या मुलीच्या खुनाच्या प्रकरणात, मे २००८ मध्ये, पहिल्या दिवशी तिच्या घरात माणसांची ये-जा सुरू राहिली आणि घरकाम करणाऱ्या हेमराजचा मृतदेह त्याच इमारतीच्या गच्चीवर दुसऱ्या दिवशी सापडला. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरुषीच्या आईवडिलांची निर्दोष मुक्तता केली. आरुषी आणि हेमराजला कुणी मारलं, याचं उत्तर आजही नाही. पहिल्या काही तासांची किंमत एवढी मोठी असते.

२. ओला कपडा प्लास्टिकमध्ये बांधू नका.
रक्ताने भिजलेला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत आला, की सील उघडताच वासावरून कळायचं, यातून फारसं काही निघणार नाही. कोंडलेल्या ओलाव्यात जिवाणू आणि बुरशी वाढतात, डीएनएचे तुकडे पडतात. कपडा सावलीत सुकवावा, उन्हात नव्हे, आणि प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात घालावा. गळफासाची दोरी काढताना गाठ सोडू नये. गाठीपासून दूर कापावी आणि कापलेली टोकं दोऱ्याने जोडून ठेवावीत. गाठ कशी मारली आहे, हाही पुरावाच असतो. विषबाधेचा संशय असेल तर व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेले अवयव, मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवावा. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या व्हिसेरातून अनेक विषं शोधणं अवघड होऊन बसतं. आपल्याकडे शेताच्या फवारणीचं औषध पोटात जाऊन होणारे मृत्यू इतके आहेत, की हा साधा नियम प्रत्येक ठाण्याला पाठ असायला हवा. मृत्यू आत्महत्या, अपघात की घातपात, याचा निवाडा पुष्कळदा त्या बरणीवर अवलंबून असतो.

३. सील आणि नोंद हाही शास्त्राचाच भाग आहे.
मुद्देमाल आमच्याकडे आला की आम्ही आधी लाखेचं सील पाहायचो आणि सोबतच्या नमुना सीलशी ताडून बघायचो. साक्षीला उभी राहिले की बचाव पक्षाचे वकीलही तिथूनच सुरुवात करायचे : पाकीट कुणी दिलं, कुणी घेतलं, मधले दिवस ते कुठे होतं? मुद्देमाल रजिस्टरमधली एक तारीख जुळली नाही, तर उत्तम विश्लेषणावरही शंकेची सावली पडते. म्हणून ठाण्यातला मुद्देमाल कारकून मला शास्त्रज्ञाइतकाच मोलाचा वाटतो. त्याच्या हस्ताक्षरातल्या त्या कोरड्या नोंदींवर एखाद्याचा न्याय उभा असतो.

४. नमुन्याबरोबर कोरा नमुनाही पाठवा.
डाग पुसून घेतलेला कापसाचा बोळा आम्हाला हवा असतो, तसाच काहीही न पुसलेला त्याच पुड्यातला बोळाही. का, ते जर्मनीतल्या हाइलब्रॉनच्या प्रकरणाने जगाला शिकवलं. २००७ मध्ये तिथे एका पोलीस महिलेचा खून झाला. तिथे मिळालेला एका अज्ञात बाईचा डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या चाळीसच्या आसपास गुन्ह्यांच्या जागी सापडला होता. पोलीस तिच्या मागावर राहिले. २००९ मध्ये उलगडा झाला : तो डीएनए बोळे भरणाऱ्या कारखान्यातल्या कामगार महिलेचा होता. बोळे निर्जंतुक होते, पण जंतू मारले म्हणजे डीएनए नाहीसा होत नाही.

५. पहिली चाचणी म्हणजे निष्कर्ष नव्हे.
ल्युमिनॉल फवारलं की अंधारात निळसर चमक दिसते आणि पाहणाऱ्याला वाटतं, रक्त मिळालं. पण तांबं आणि ब्लीचही चमकतात. फिनॉल्फ्थॅलिनच्या चाचणीत येणारा गुलाबी रंग काही भाज्यांच्या रसानेही येऊ शकतो. या चाचण्या कुठे शोधायचं ते दाखवतात. पुढे पायऱ्या आहेत : हे रक्तच आहे का, माणसाचं आहे का, कुणाचं आहे. ‘रक्त आढळले’ आणि ‘मानवी रक्त आढळले’ या दोन वाक्यांत एखाद्याच्या आयुष्याएवढं अंतर असतं. कोंबडी कापलेला सुरा आणि खुनातला सुरा पहिल्या पायरीवर सारखेच दिसतात.

६. दिसलं तेवढंच लिहा.
बोटांच्या ठशांच्या जगातल्या सुरुवातीच्या कार्यालयांपैकी एक १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झालं आणि ठशांच्या वर्गीकरणामागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या माणसांची बुद्धी होती, याचा मला अभिमान आहे. पण ठसा सांगतो तो स्पर्श. तो कधी झाला आणि का झाला, हे ठसा सांगत नाही. २००४ च्या माद्रिद बाँबस्फोटांनंतर अमेरिकेच्या एफबीआयने एक ठसा ओरेगॉनमधल्या एका वकिलाचा ठरवला आणि त्याला अटक झाली. स्पेनच्या पोलिसांनी तोच ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवलं, तेव्हा एफबीआयला माफी मागावी लागली. तपासी अंमलदाराला ठाम उत्तर हवं असतं, त्याच्यावर वरून दबाव असतो, हे मी जवळून पाहिलं आहे. तरीही ‘अनिर्णित’ हा शब्द लिहिण्याचं धैर्य विश्लेषकाकडे हवंच.

७. निरपराध माणूस सुटणं हेही आमचं यश.
गुन्ह्याच्या तपासात डीएनए पहिल्यांदा वापरला गेला तो इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये. १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले. सतरा वर्षांच्या एका मुलाने त्यातल्या एका खुनाची कबुलीही दिली होती. शास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्या डीएनए तपासणीत दिसलं, की दोन्ही गुन्हे एकाच पुरुषाचे आहेत आणि तो पुरुष हा मुलगा नाही. खरा गुन्हेगार, कॉलिन पिचफोर्क, नंतर पकडला गेला आणि १९८८ मध्ये त्याला जन्मठेप झाली. डीएनएने आधी एका निरपराधाला वाचवलं, मग गुन्हेगार शोधला. कबुलीवर विसंबून तपास थांबवायचा मोह झाला, की हे प्रकरण आठवावं.

८. कायदा पुढे आला आहे, आता आपण यायला हवं.
१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार, सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं आणि तिथलं चित्रीकरण होणं बंधनकारक होणार आहे. ही व्यवस्था उभी करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. त्यासाठी माणसं, फिरती पथकं आणि तालुक्यापर्यंत पोहोचणारं प्रशिक्षण लागेल. हे सरकारने करायचं.

आपण करायच्या गोष्टी तीन. जखमीला मदत जरूर करा, पण जिथे जीव उरलेला नाही तिथे कशालाही हात लावू नका आणि इतरांनाही लावू देऊ नका. आपल्याकडून काही हललं असेल, तर पोलिसांना स्पष्ट सांगा. ते लपवलं तर तपास भलतीकडे जातो. आणि पोलिसांनी पंच व्हायला बोलावलं, तर कोर्टाच्या फेऱ्यांच्या भीतीने मागे सरू नका. मेलेल्या माणसाला स्वतःची बाजू मांडता येत नाही आणि खोट्या आरोपात अडकलेल्याचं कुणी ऐकत नाही. त्या दोघांचाही आधार म्हणजे नीट जपलेला पुरावा, आणि तो जपायची सुरुवात पोलीस पोहोचण्याआधी तिथे उभ्या असलेल्या माणसापासून होते.